एक वीत लाकूड

डॉक्टर नाबरांची नळी पावसाळ्यात तडकली.
परदेशातून आलेली, काळ्याभोर लाकडाची,
शिरोड्याची हवा तिला मानवली नाही.
वर्तमानपत्रात गुंडाळून ते ती घेऊन आले
आणि बापाला म्हणाले, अशीच एक हवी, बाबली.
लांबी एक वीत. आत आरपार भोक.
एक टोक छातीला, एक कानाला.

बाप लाखेची केळी करायचा, काजू, मिरच्या,
भातुकलीची बोळकी, पाळण्यावरचे राघू.
पोकळ वस्तू त्याने पुष्कळ कातल्या होत्या.
ऐकण्यासाठी एकही नाही.

लाकूड कुठलं, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.
मग बापाने त्यांचंच खिशातलं घड्याळ मागून घेतलं,
ओंडक्याच्या एका टोकाला टेकवलं
आणि दुसऱ्या टोकाला कान लावून बसला.
पांगाऱ्यात टिकटिक बुडाली.
आंब्यातून ओली निघाली.
फणस बोलला, पण स्वतःचंच फार.
शिवणीतून घड्याळ असं आलं
की बापाने दचकून मान मागे घेतली.

सहा नळ्या फुकट गेल्या. गिरमिट मध्येच वाट चुके.
सातवी झाली.
तिला तो तांबडी-पिवळी वळी चढवणार होता,
डॉक्टर म्हणाले, रंग नको,
स्पिरिटने पुसायची आहे, लाख विरघळेल.
चार दिवस बाप कोणाशी धड बोलला नाही.
उघडं लाकूड द्यायचं म्हणजे
पोरगी नेसल्याशिवाय सासरी धाडायची,
असं तो आईला म्हणाला.

दवाखान्यात एक पितळी पिंप होतं,
पाण्यात पालथं घातलेलं.
रबरी नळीत फुंकलं की ते हळूहळू वर येई
आणि बाजूचा काटा श्वासाचा आकडा दाखवी.
रापणीचे गडी बिडीची पैज लावून फुंकत.
देवळातला शिंगाड्या सगळ्यांच्या वर गेला.
ज्यांचं पिंप जागचं हलत नसे
ते तोंड पुसत म्हणत,
आज प्वाट रिकामा आसा.

बाया मात्र पिंपाकडे फिरकत नसत.
नळीसाठी येत.
बाईच्या छातीला परक्या पुरुषाचा कान लागू नये
एवढंच अंतर होतं तिचं.

मिठागरातली शेवंती आली त्या दिवशी
मी आणि बाप तिथेच होतो, पैसे घ्यायला.
डॉक्टरांनी ऐकलं, मग उगाचच पुन्हा ऐकलं,
आणि नळी बापाच्या हातात दिली.
तुझं काम आहे, बघ कसं बोलतं.
शेवंतीने भिंतीकडे तोंड केलं. बाप वाकला.
पुस्तकात लिहिलंय, डॉक्टर म्हणाले,
तापल्या कढईत खडेमीठ तडतडतं तसा
आवाज येतो म्हणून.
भिंतीकडूनच शेवंती म्हणाली,
मीठ तर माझ्या पायांक आसा, छातीत कित्याक ऱ्हवात?
कोणी हसलं नाही.
डॉक्टरांनी वहीत तिचं वय लिहिलं. एकवीस.

नंतर रबराच्या, दोन्ही कानांच्या नळ्या आल्या.
शिवणीची नळी डॉक्टरांनी परत पाठवली,
चिठ्ठीत आभार, आणि राघूंच्या एका जोडीची मागणी.

बाप थकल्यावर मी ती त्याच्या छातीला लावली.
मला कुठे काय कळतंय त्यातलं.
काय आयाकता, त्याने विचारलं.
मी म्हटलं, आत कोणतरी रंधो मारता.
त्याचं समाधान झालेलं दिसलं.
म्हणाला, भुसो गोळा करून ठेव,
चुलीक होतलो.

चरकाची दोरी सोडली तरी
चाक दोन-तीन फेरे घेतं, आपल्याआपण.
ते मी मोजत राहिलो.

आता नळी दुकानात आहे, लाखेच्या फळांमागे.
गिऱ्हाइकाची पोरं उचलतात, फुंकतात,
वाजत नाही म्हणून ठेवून देतात.
कधी एखादं पोर नुसतं कानाला लावतं
आणि दुसरं टोक कुठे टेकवायचं
ते शोधत दुकानभर फिरतं.
काल एकाने माझ्या पोटावर टेकवलं.
मी श्वास रोखून उभा राहिलो,
का, कुणास ठाऊक.